मासळीच्या पेटीवरचं घोंगडं

माझं माहेर मलकापूरचं. रत्नागिरीकडनं येणाऱ्या मासळीच्या गाड्या आमच्या दारावरनंच जायच्या, त्यामुळं मासा ताजा का शिळा हे मला लहानपणापासनं कळतंय. लगीन करून कोल्हापुरात आले तर घर माळकऱ्याचं, सासूच्या गळ्यात माळ, मासळीचं नाव काढायचं न्हाय. पण काय सांगू पावणं, मालकांचं कारखान्यातलं काम सुटलं आन मला येणारा धंदा तेवढा एकच व्हता. सासू म्हणली, कर बाई, पण उंबऱ्याच्या आत आणू नगंस. मग अंगणातच थर्माकोलची पेटी मांडली.

सकाळी बरफात बांगडा रचायचा. पण आमचं गिऱ्हाईक कसलं, कल्ला लाल हाय का बघितल्याबिगर मासा घेतंय व्हय? जो येईल त्यो झाकण उघडणार आन उघडंच ठेवून गप्पा हाणणार, दुपारपतुर बरफाचं पाणी. एकदा गल्लीतल्या काकू बांगडा परत घेऊन आल्या आन चारचौघांत म्हणल्या, वास मारतोय की गं ह्यो. लई रडले त्या दिवशी. मालक म्हणले, बंद कर. म्या बी म्हणलं, उद्याचा माल खपला की बास.

दुसऱ्या दिवशी बघते तर सासू आपलं पांघरायचं घोंगडं घेऊन भाईर आली आन पेटीवर टाकलं की! म्या वरडले, आत्ती, बरफ वितळंल, घोंगडं गरम असतंय! तर म्हणती, घोंगड्यात काय चूल पेटवलीया? माणसावर टाकलं की माणसाची ऊब राहती, बरफावर टाकलं की बरफाचा गारवा. आमच्या लहानपणी जत्रंत बरफवाला लाकडाच्या भुश्यात, पोत्यात गुंडाळून बरफ आणायचा, त्यो काय येडा व्हता? मग पेटी सावलीत सरकवली, दोन मासं दाखवायला पाटीत काढलं आन बाकी झाकण बंद.

सांजच्याला हात घातला तर बरफाचं खडं तसंच, बोटं बधिर. म्या त्याच काकूंना हाक मारली. त्यांनी कल्ला उचलून बघितला, वास घेतला आन पिशवी पुढं केली.

आता दोन पेट्या हायत, धंदा बरा चाललाय. कुणी झाकण उघडं ठेवलं की माळ घातलेली माझी सासू घरातनं वरडती, झाका की वो, पोरीचा बरफ जातोय! तिला नवं घोंगडं घेते म्हणलं तर न्हाय म्हणती, गोधडी पुरं हाय मला. देव तिला लई आयुष्य देऊ दे.