टॉवेल धरणारी

हॅलो?

…कोण? ताई? हो, छोटीच बोलतेय. हळू बोलतेय म्हणून तुला ओळखू येईना. पाळणाघरात आहे मी, मुलं झोपलीत. सव्वादोन वाजलेत ना.

हो, हो… अगं ऐक ना. मला नीट ऐकू येतंय. तूच जरा कान देऊन ऐक.

नाही, झोपले नव्हते. म्हणजे… लागला असेल डोळा. निळे पडदे ओढलेत, खोलीभर नुसतं निळं निळं झालंय. बावीस मुलं एका लयीत श्वास घेतायत. अशात जागं राहून दाखव तू. मला तर वाटत होतं, मी पाण्याच्या तळाशी बसलेय आणि तुझा फोन कोणीतरी वरून दोरीला बांधून खाली सोडलाय.

वेडबिड काही लागलेलं नाही. बोल.

…

हो, माहितीये. चार वाजता बाबांना सोडणार. सकाळीच वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला होता.

काय म्हणाली? हसत होती बिचारी. म्हणाली, तुमचे बहीण-भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण वेगवेगळ्या दिवशी येऊन दोघांनी कागदावर नाव मात्र एकच लिहून दिलंय.

माझं. आणखी कुणाचं?

अगं, तू लिहिलंस, पेशंट घरी जाणार, धाकटी मुलगी सांभाळणार. दादाने लिहिलं, पेशंट नगरपालिकेच्या वृद्धनिवासात जाणार, धाकटी मुलगी रोज जाऊन बघणार. सिस्टर विचारत होती, धाकट्या मुली दोन आहेत का तुमच्याकडे?

…विचारणारच होतीस. बरं. दादाही विचारणारच असेल.

थांब हं एक मिनिट… शू, शू… झोप रे राजा. काही नाही, फोन आहे… हं. ढेरपोट्या आहे आमचा एक. मी उठून गेले की याला झोपेतही कळतं.

हं, बोल.

…रविवारचं नको ना परत काढू, ताई. मी होते तिथे. बाबांच्या खाटेच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला दादा, आणि मधे बाबा, कंबरेचं हाड नुकतं जोडलेलं, टेनिसची मॅच बघावी तशी मान इकडून तिकडे फिरवतायत.

हो, म्हणाला तो तुला स्वार्थी. ऐकलं मी. तुम्हा परंपरावाल्यांची माया उंबऱ्यापर्यंतच, असंही म्हणाला. आणि तू काय कमी बोललीस का? दुसऱ्याच्या खिशात हात घालून उदार होणारे लोक, कोण म्हणालं? समोरच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले होते गं ऐकायला.

नाही, मी त्याची बाजू घेत नाहीये. तुझीही घेत नाहीये.

…आता खरंच मला विचारतेस? कोण जास्त उदार, तुमचा पक्ष की दादाचा?

ताई… मला खरंच झोप येतेय.

बरं, सांगते. अगं, तुझ्या शेजारच्या त्या अंथरुणाला खिळलेल्या बाई. अकरा महिने तू त्यांना रोज वेणी घालून देत होतीस, एक दिवस चुकवला नाहीस, आणि कुणाला कधी बोललीही नाहीस. मला त्यांच्या सुनेकडून कळलं. याला मी स्वार्थ म्हणू का? नाही म्हणवत. आणि दादा. बसस्टॉपपाशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून घ्यायला सहा महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्याने. त्याच्या ओळखीचं कोणी बसतं का त्या खुर्चीत? कोणी नाही. याला तरी काय म्हणू?

हो गं, तुझ्या त्या बाई तुझ्या भिंतीपलीकडच्या. त्याची माणसं त्याने पाहिलेलीसुद्धा नाहीत. फरक आहे. मला कळतो तो फरक.

पण मग बाबांना उचलायच्या आधी हे ठरलंच पाहिजे का?

…

नाही, रागावले नाहीये. या खोलीत बसून रागावता येत नाही. पडदा हलतो, भिंतीवर पाण्यासारखा उजेड हलतो… तुझा फोन आला ना, तेव्हा मी खरंच तरणतलावावर होते. स्वप्नात. बाबांची ती पांढरी शिट्टी, ओल्या फरशीचा वास. आणि बाबा कंबरभर पाण्यात उभे, गावातली सगळी पोरं रांगेत.

हो, तोच. पोटाखाली तळहात धरायचे आणि म्हणायचे, मार पाय, मी आहे. आणि मग हात कधी काढून घ्यायचे, कुणाला कळायचंच नाही.

बघ! हेच. तू म्हणतेस, हात काढला म्हणून आपण शिकलो. दादाला विचार, तो म्हणेल, हात होता म्हणून बुडलो नाही. तीस वर्षं झाली, त्या एका तळहातावरून तुम्ही दोघं भांडताय. तुमच्या दोन पक्षांची निवडणूकसुद्धा त्यावरूनच चाललीये, मला वाटतं. बाकी सगळी पत्रकं.

…मी? माझं काय?

ताई, तेव्हा मी कुठे असायचे, आठवतंय?

आठव ना.

पायरीवर. तुमचे दोघांचे टॉवेल धरून. तुझा पिवळा, दादाचा पट्ट्यांचा. ओले होऊ नयेत म्हणून छातीशी धरून उभी. बाबा म्हणायचे, छोटी शहाणी आहे, छोटी धरेल.

मला पोहता येतं का, ताई?

…

नाही येत. चौतीस वर्षांची झाले. तरणतलावावरच्या माणसाची मुलगी, आणि मला पोहता येत नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार. टॉवेल कोरडे मिळत होते ना सगळ्यांना.

रडू नकोस गं. अगं… मी दोष देत नाहीये. स्वप्न सांगतेय.

पण हे मात्र स्वप्न नाही, नीट ऐक. तुझं म्हणणं, आपल्या माणसाला परक्याच्या हाती द्यायचं नाही. मान्य. पण घरी त्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं ते हात कुणाचे? माझे. दादाचं म्हणणं, म्हाताऱ्यांची जबाबदारी सगळ्या समाजाची. तेही मान्य. पण त्या निवासात माणसं कमी, म्हणून रोज घरचं कोणी हवं. ते कोण? मीच. पाळणाघरापासून जवळ पडतं म्हणे! तुमची तत्त्वं दोन आहेत, ताई, पण त्यांना मिळून हात दोनच आहेत, आणि ते माझ्या खांद्याला आहेत.

…थांब. हा कसला आवाज? डॉक्टरांना बोलावतायत का कुणी? तू कुठून बोलतेयस?

दवाखान्यातून? आत्ता? चारला सोडणार आणि तू सव्वादोनलाच जाऊन बसलीस?

…काय? दादा पण? कुठे? …समोरच्या बाकावर. वर्तमानपत्र तोंडापुढे धरून.

मला हसू येतंय गं. नाही, खरंच… थांब, इथली एक चष्मेवाली पोर कूस बदलतेय… हं. म्हणजे तुम्ही दोघं तिथे समोरासमोर बसून माझी वाट बघताय. दोन धडधाकट माणसं. एकाची गाडी बाहेर उभी आहे. आणि चार वाजता छोटी येणार, दोन बस बदलून, बाबांना घ्यायला.

ताई, मी येणार नाहीये.

नाही, फक्त आजच नाही असं नाही. सोमवारी मी जातेय. बहिऱ्या मुलांना शिकवायचा कोर्स आहे, दोन वर्षांचा, परगावी राहूनच करावा लागतो. पत्र येऊन तीन आठवडे झाले. पर्समध्येच आहे, घडीवर फाटायला आलंय. सोमवारी हजर नाही झाले तर जागा गेली.

…कधी सांगणार होते? बाबा पडले त्याच संध्याकाळी सांगणार होते. मग कसं सांगू?

हो. म्हण. स्वार्थी म्हण. तुम्ही एकमेकांना इतक्यांदा म्हणालात की मलाही वाटायला लागलं होतं, एकदा होऊन तरी बघावं. भीती वाटते गं. पण मला जायचंय. फार जायचंय, ताई. आजवर मी हे मोठ्याने कधी बोलले नव्हते, आणि बोलले तर तेही कुजबुजत.

…

दादाला फोन दे.

अगं, तोंड बघू नकोस त्याचं, नुसता फोन पुढे कर.

…दादा? हं. ऐकलंस सगळं? पेपर उलटा धरलायस, असं ताई म्हणत होती… नाही रे, गंमत केली.

हो. सोमवारी.

अरे, तू माझं अभिनंदन काय करतोस, तिथे निवासात जागा कधी आहे ते सांग… सहा आठवड्यांनी? आणि तोवर? तोवर मी, असंच ना तुझ्या मनात होतं? दादा, तू सगळ्या जगाचं बघतोस, मला तुझा अभिमान वाटतो, खरंच वाटतो. पण बाबांची पाठ चोळायला जग येत नाही रे. सहा आठवडे. रात्री तू, दिवसा ताई. घर आवरून ठेवलंय, किल्ली तिथेच बाबांच्या वॉकरला लावलेल्या पिशवीत ठेवलीये. त्यानंतर निवास की घर, ते बाबांना विचारा. अजून त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

त्यांना उठवताना डावीकडून नाही धरायचं. उजव्या काखेत हात, आणि आधी त्यांना सांगायचं. न सांगता धरलं की चिडतात.

…आत आहेस? खाटेपाशी? दे मग.

बाबा? मी छोटी.

…बरी आहे. तुम्ही कसे आहात? …दुखणारच, हो. मी मुलांपाशी आहे, म्हणून हळू.

…नाही बाबा. मी नाही येत आज.

…माहितीये. माझ्याबरोबर तुम्हाला शांत वाटतं. मलाही वाटतं.

…नका ना असं म्हणू. मग माझा पाय निघायचा नाही.

बाबा, ऐका. मी आले ना, की हे दोघं परत भांडायला मोकळे. कोण उदार, कोण स्वार्थी, जन्मभर बोलतील, कारण काम माझ्याकडे असेल. मी नसले तर त्यांना तुम्हाला धरावंच लागेल. दोघांनाही. तुमचा भार त्यांच्या हाताला कळू दे की एकदा.

…हो, लांब आहे. दोन वर्षं. …हो, येईन ना. सुट्टी असेल तेव्हा येईन.

…काय म्हणालात? …परत म्हणा, बाबा. …नाही, ऐकू आलं. मार पाय, म्हणालात. फक्त परत म्हणा.

…

नाही, मला कुणी धरायला नकोय तिथे. बघते मी माझं.

…हो. हो, बाबा. मी पण.

…कोण? दादा? हं, बोल. …अरे, गाडीत पुढे बसवायचं की मागे, ते मला काय विचारतोस? …ताई काय म्हणतेय? मागे, आडवं? आणि तू म्हणतोस पुढे… नाही. मी नाही सांगणार. तुम्ही दोघं आहात ना तिथे. तुम्हीच बघा.

ठेवते.