बहुमतवाल्या कावेरीचं विधेयक

मंडळी, ऐका! आज देवाच्या दारात एकच प्रश्न. हाती बहुमत असलं, तर समोरच्याचं ऐकायचं कशाला? — हे बघा, मागचे आजोबा हसले! आजोबा, तुमच्या घरात बहुमत कुणाचं हो? असो, असो!

तर एका गावच्या शाळेत सरांनी नववीची संसद भरवली. सभापती, मंत्री, विरोधी पक्ष — अगदी खऱ्यासारखं! आणि हेडसर म्हणाले, "इथं ठरेल, ते शाळेत लागू करीन." मग काय! वर्गात मुली जास्त. पंतप्रधान झाली कावेरी डोईफोडे!

कावेरीच्या मनात एक सल होता. मधल्या सुट्टीत मैदान मुलांचं. मुलींनी खो-खो मांडला, की चेंडू पाठीत! वर आरोळी — "सरका बाजूला!" आता सत्ता आली. कावेरीनं विधेयक मांडलं, "यापुढं अख्खं मैदान मुलींचं!" बाकं अशी वाजली, अशी वाजली — पत्र्यावरची कबुतरं उडाली!

विरोधी पक्षनेता हणमंता उठला. "सभापती महोदया, मग पाचवीच्या पोरांनी खेळायचं कुठं?"

"सरक बाजूला! मतदान घ्या!" मुली ओरडल्या.

कावेरीनंही तोंड उघडलं — आणि थबकली. सरक बाजूला? हे तर आपण रोज ऐकतो! मंडळी, केवढा मोह! हात वर केले की जिंकलीच!

"महोदया," ती म्हणाली, "त्यांना बोलू द्या."

"अगं, तू कुणाच्या बाजूची?" अर्थमंत्रिणीनं तिथंच राजीनामा दिला!

आणि हणमंता? गडबडला बिचारा! आपल्याला कुणी बोलू देईल, असं वाटलंच नव्हतं त्याला! चाचरत म्हणाला, "मैदानाचे... तीन वाटे करू. मुली, मुलं, धाकटी पोरं."

"सावलीचा वाटा मुलींना!" कावेरी.

"धाकट्यांना!" हणमंता.

"बरं, धाकट्यांना! पण चेंडू आमच्याकडं आला, तर जप्त!"

हशा पिकला! सगळे हात वर — राजीनामावालीचाही! सोमवारी मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या, आणि कावेरी अशी पळाली, अशी पळाली — वेणी सुटली तरी भान नाही!

मंडळी, पोरीनं बहुमत टाकलं नाही हं. शोभवलं! आता तुमचं सांगा. ग्रामसभेला ऐकायला जाता, की ओरडायला? घरात सून बोलू लागली, की "तुला काय कळतं" कोण म्हणतं? नाव घेत नाही — माना खाली गेल्या, तेच! आज जेवायला बसाल, तेव्हा घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याला विचारा, "तुझं काय म्हणणं?" आणि मग गप्प बसा! तिथं पांडुरंगच बोलत असतो! वाजवा टाळ!