तळणीचा वास कुठे गेला?

मी : …म्हणून पैज लागलीय, बाबा. मैत्रिणी म्हणाल्या, हिंमत असेल तर तुझ्या बाबांनाच विचार. आता हसू नका हं. आपल्या शाळेच्या बसच्या धुराला तळणीचा वास यायचा, तो कुठे गेला?

बाबा : जेवताना धुराचं काय काढलंस?

मी : गेल्या वर्षी बस फाटकात शिरली की आख्ख्या वर्गाला भूक लागायची. गणिताच्या बाई वैतागायच्या, आलं तुझ्या बाबांचं डिझेल, आता कोणाचं लक्ष राहणार नाही म्हणून. मी काय मिरवायचे. हॉटेलांतलं वापरलेलं तेल माझे बाबा गोळा करतात, शेडमध्ये त्याचं बायोडिझेल करतात, त्यावर आपली बस पळते. आणि आता वास येतो तो डांबराचा.

बाबा : यंत्र बदललंय. तेल जास्त शुद्ध निघतं.

आई : अहो.

बाबा : काय अहो?

आई : खोटं सांगायचं तर नीट तरी सांगा. पोरगी रोज शेडवरून जाते-येते.

मी : नुसती जात-येत नाही, आज आत जाऊन आले. आम्ही चौघी. तेल धुवायच्या टाक्या ठणठणीत कोरड्या आहेत आणि एकीत मांजरी व्यालीय. पिल्लं गोड आहेत, बाबा. पण टाकीत मांजर असेल तर बसमध्ये काय आहे?

बाबा : कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळतात ते स्वस्तातलं तेल. साध्या डिझेलमध्ये मिसळून.

मी : पिंपावर तर बायोडिझेल लिहिलंय.

आई : लिहिलंय ना. अक्षर माझंच आहे.

बाबा : हौस नव्हती मला. बायोडिझेलचं नवं धोरण आलं तेव्हा सरकारी खात्याचे मोठे साहेब शेडमध्ये फोटो काढून गेले. बाटली उजेडात धरून म्हणाले, हेच उद्याचं इंधन. मग नियम आला, वापरलेलं तेल फक्त परवानावाल्या कंपनीने उचलायचं. हॉटेलवाले हात जोडायला लागले, दादा, तुम्हाला दिलं तर आम्हाला दंड. आणि ती कंपनी सगळं तेल जहाजाने बाहेर पाठवते, तिकडे भाव आहे. इथे मात्र शाळेने बायोडिझेल वापरलं नाही तर बसची परवानगी अडते. म्हणजे घ्यायची सक्ती आणि करायची बंदी. सांग, काय ओतू बसमध्ये?

मी : शाळेला सांगायचं, आता जमत नाही.

बाबा : सांगून पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, आम्हाला शिक्का मारलेली पावती द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. मी सोडलं असतं तर दुसऱ्याने हेच ओतलं असतं.

मी : मागच्या बाकांवर पहिलीची पोरं बसतात. आख्खा रस्ता खोकतात. ड्रायव्हरकाका म्हणतात, खिडक्या लावून घ्या.

बाबा : हवा बदललीय. खोकतात पोरं.

आई : तेलही गेलं, तूपही गेलं. उरलं ते धुपाटणं, ते बसला मागून बांधलंय.

बाबा : तू तरी बोलू नकोस. घर त्यावरच चालतंय.

आई : म्हणून तर गप्प होते इतके दिवस. गप्प काय, रंगाचा ब्रश घेऊन बसले होते.

मी : उद्या शाळेत बायोडिझेलवरची दुसरी हिरवी बस येतेय. तेच साहेब फीत कापणार आणि भाषण माझं. 'आमच्या घरचं इंधन.' आठवडाभर आरशासमोर पाठ करतेय. परवा तुम्ही दाराआडून टाळ्या वाजवल्यात.

बाबा : छान बोलतेस म्हणून वाजवल्या.

मी : तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

(बाबा ताट बाजूला सरकवतात.)

बाबा : उद्याचा एक दिवस बोल, बाळा. मग मी काहीतरी मार्ग काढतो. स्टेजवर तू भलतंच काही बोललीस तर शेडला कुलूप लागेल. मलाही घेऊन जातील.

मी : मी कोणाला काही सांगणार नाही.

आई : मग करणार काय तू?

मी : ठरवलंय मी. जेवण झालं की बाईंना फोन करते. म्हणते, इंधन बाबांचं आहे, तर बोलतीलही बाबाच. बाई खूश होतील. तुम्ही स्टेजवर जा, बाबा. साहेब असतील, आमचा आख्खा वर्ग असेल. तुम्हाला हवं ते बोला. मी खाली बसून ऐकेन.