गोरक्ष यायच्या आत टीं-टीं थांबव

न्हाई न्हाई, स्टुलावरनं उतरू नको अफताब — गोरक्ष साडेतीनला कंपनीतनं येतो, त्याच्या आत ही धुराची घंटी गप झाली पायजे. कालपासनं दर मिनिटाला टीं. जेवताना टीं, दिवा लावताना टीं — धूर न्हाई, काय न्हाई! तुला त्यानंच पाठवलंय, व्हय ना, 'बघ आन् मला कळव' म्हणून? ठाव हाय मला. पोरगा म्हणालाय, आई, आता एकदा जरी काय झालं तरी तुझा गॅस बंद, बाहेरनं डबा लावू. डबा! तुझ्या आईला विचार, खातूनबीनं माझ्या हातचा ठेचा चाकणच्या बाजारात उभ्या उभ्या खाल्लाय.

काढलास सेल? हां — ऐक, परत टीं! सेल तुझ्या हातात, मग वाजतंय काय? हिकडं कुठं निघालास? स्वयंपाकघरात काय न्हाई. दाराच्या वर? तिथं तोरण हाय. तोरणामागं होती एक घंटी — व्हय, दोन बसवल्या होत्या — ती पडली. आपोआप. बरं बाबा, मीच पाडली, लाटण्यानं. गव्हाच्या कोठीत घातली, पार तळाला, वर जुनं लुगडं दाबलं. तरी ऐकू येतंय व्हय?

काय म्हणतोस? नुसता सेल उतरला तरी टीं करती? धुराचं न्हाई? मग माझी काय चूक! घाल की नवीन सेल, बसव जागेवर — थांब, हात नको घालू कोठीत. मी काढते. मी काढते म्हणते ना!

...व्हय. करपलेलं पातेलंच हाय. मंगळवारी हुलगे शिजत लावले न् खाली बाकावर जाऊन बसले. वरनं घंटी ओरडतीय, ओरडतीय — आन् मी बायकांबरोबर हसत बसले, अगं कुणाच्या घरचं हे, कुणी बघतंय का न्हाई? लय वेळ हसले, अफताब. मग ध्यानात आलं, चौथा मजला. आमचाच.

एकदाच झालं. म्हणजे, दोनदा. त्या पहिल्या वेळेनंतरच तर घंट्या बसवल्या.

फोन वाजतोय तुझा. गोरक्ष? उचल. सेल उतरला होता म्हण. खोटं न्हाई ते, तूच म्हणालास आत्ता. एवढंच म्हण. अरे, उचल की — माझ्याकडं काय बघतोस? आधी ते पातेलं खाली ठेव.

ठेव, म्हणते ना.