सूचक आणि अनुमोदक

अध्यक्षस्थानी असलेल्या आपल्या महापौर मार्लिस ब्रेके, त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेले दोन्ही मोठ्या पक्षांचे काउंटीप्रमुख, सत्कारमूर्ती ऑरविल त्वेइट, आणि बटाट्याची भाजलेली हॉटडिश खायला का होईना, पण चर्चच्या या तळघरात जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

प्रेअरी पक्षातर्फे दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. पक्षात आम्ही दोघंच, बोलायला दुसरं कोणी नाहीच. ऑरविल उद्या लेकीकडे ॲरिझोनाला राहायला चालले. उरले मी, व्हर्ना स्कोगस्टाड.

आमची वार्षिक सभा वाचनालयात भरायची. ठराव मांडणार ऑरविल, अनुमोदन देणार मी. सगळं एकमताने मंजूर! मोठ्या पक्षांना जमेल का हे? फक्त एकदा, जत्रेतल्या आमच्या मांडवात केक सफरचंदाचा ठेवायचा की रुबार्बच्या आंबट देठांचा, यावरून पक्षात उभी फूट पडली होती.

तो मांडव डुकरांच्या गोठ्याशेजारी. लोक यायचे, केक खायचे, ऑरविलच्या पाठीवर थाप मारायचे. "माणूस तुम्ही सोन्यासारखे हो, पण तुम्हाला मत दिलं तर वाया जाणार. आणि नको तो निवडून आला म्हणजे?" मार्लिस, हसू नका. तुम्हीही म्हणाला होतात.

अमेरिकेत तिसरा पक्ष कधी यशस्वी होईल का, असं दर निवडणुकीला मला कोणीतरी विचारतंच. विहिरींचं पाणी फुकट तपासून द्या, असं ऑरविल घसा फोडून सांगत होते, तेव्हा दोन्ही पक्ष हसले. मग दोघांनीही तेच आपापल्या पत्रकात छापलं. योजनेच्या उद्घाटनाला व्यासपीठावर मुंगी शिरायलाही जागा नव्हती. ऑरविल सगळ्यांच्या मागे उभे, कोट काखेत, आणि टाळ्या सगळ्यांत जोरात त्यांच्याच. मी म्हटलं, "अहो, तुमचं साधं नावही घेतलं नाही!" तर म्हणाले, "व्हर्ना, पाणी तपासलं जातंय ना?" याला यश म्हणायचं की अपयश, तुम्हीच ठरवा. मला मात्र अजून राग येतो.

पुढच्या सभेला मी जाईन, दिवे लावीन, ठराव मांडीन. पण अनुमोदन दुसऱ्यानेच द्यावं लागतं. ते मिळालं नाही तर ठराव पडतो, आणि या काउंटीतला आमचा पक्षही तिथेच संपतो. खरं सांगू? पक्षाचं दुःख आहेच. पण वाचनालयातल्या त्या टेबलाशी एकटीने बसायची मला भीती वाटते.

मार्लिस, तुम्ही मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर केक खाऊन विसरून जा. आज रुबार्बचाच आहे. बसण्याआधी एक ठराव मांडते: ऑरविल त्वेइट यांचे या गावाने आभार मानावेत.

अनुमोदन?

ऑरविल, हात खाली करा. स्वतःच्या आभाराच्या ठरावाला स्वतः अनुमोदन देता येत नाही, तुम्हीच शिकवलंत मला.

दुसरं कोणी आहे का?