टोपीवरचा तुडतुडा

जयसिंग : दिसला का गं? टोपीवर ठिवलाय मुद्दाम. पानावर हिरव्यात हिरवा, कायबी उमगत न्हाई.

अपेक्षा : दिसला, आबा. पण फोटो हललाय.

जयसिंग : त्यो टुणकन उडतोय, मी काय करू? शेजारचा कोंडाजी म्हणतोय, तुडतुडाच हाय. उद्या त्येच्यात फवारणी हाय, तुजंबी संगं उरकू म्हणाला.

अपेक्षा : सगळेच तुडतुडे भातावर पडत नाहीत. पंख कसेत? पाचरीसारखे अरुंद, का पानासारखे रुंद?

जयसिंग : रुंदच म्हणायचं.

अपेक्षा : मग बहुतेक भाताचा नाही. सापडला कुठल्या झाडावर?

जयसिंग : झाडावर कुटं? बांधावरनं येताना सदऱ्यावर बसला, तसाच टोपीत धरला.

अपेक्षा : म्हणजे भातातून आला का बांधावरून, तेच कळत नाही.

जयसिंग : न्हाई. अपे, गेल्या साली तुडतुड्यानं वरचं खाचर कसं करपलं, बघितलंस न्हवं? लई भ्या वाटतं गं. फवारू का नको, तेवडं सांग.

अपेक्षा : उगाच फवारलं तर कोळी मरतील, आणि तुडतुडे खातात ते कोळीच. सकाळी भाताची चूड बाजूला करून बुडाशी बघा, मग ठरवू. घाबरू नका, काही होत नाही.

जयसिंग : तू म्हणतीस तर थांबतो. मीटिंग हाय न्हवं तुजी? जा.

अपेक्षा : हो. ठेवते.

(आबांचे दिवस घालून झाल्यावर. रिहे गावातलं खाचर. अपेक्षा आणि तिची आई सारजाबाई.)

सारजाबाई : सकाळी बघतो म्हणाले, आन् झोपेतच गेले. कोंडाजी परवा परत आलता. वैनी, फवारायचं का, आता कुणाला इचारू म्हणाला. मी म्हणलं, अपेक्षाला.

अपेक्षा : मला कशाला?

सारजाबाई : मग कुणाला? पारावर बसून सांगायचे, माजी लेक हिंजवडीत बसून किड्याची जात वळखती. लोकं हसायची. ह्यांना त्येचं काय न्हाई.

अपेक्षा : ही चूड बाजूला धर. अजून खाली, पाण्यालगत.

सारजाबाई : हायेत का?

अपेक्षा : एखाददुसरा आहे, तपकिरी, भातावर पडतो तो. हिरवा एकही नाही. कोळी मात्र पुष्कळ आहेत.

सारजाबाई : अगं, हितं बघ. बांधावर, घाणेरीच्या काडीवर. मला वाटलं पालवी फुटलीय.

अपेक्षा : हलू नको, फोटो घेते. हेच ते. आबा म्हणाले होते तसेच रुंद पंख. बांधावरचेच हे, भाताला काही करत नाहीत.

सारजाबाई : मग कोंडाजीला नको म्हणू?

अपेक्षा : आत्ता नको म्हण. रविवारी येऊन परत बघते मी.

सारजाबाई : आन् तवर त्या तपकिऱ्यांनी खाल्लं तर?

अपेक्षा : थांब, परत एकदा बुडाशी बघू दे.

सारजाबाई : आत्ताच बघितलंस न्हवं? त्यांना तर रोज सांगायचीस, घाबरू नका म्हणून.

अपेक्षा : सांगायचे. त्यांचा फोटो आला की आधी मीच घाबरायचे.

सारजाबाई : त्यांच्यापाशी कदी बोलली न्हाईस.

अपेक्षा : नाही बोलले. (टोपीचा तो हललेला फोटो उघडून) आबा, भ्या मलाबी वाटतंय.