बेबी नावाचा फिल्टर

घमापूरच्या दवाखान्यात आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते. काही दिसेना, म्हणून ऐकत बसलो. शेजारी एक रिटायर काका, त्यांच्या काकू आणि काकांच्या जुन्या ऑफिसातली प्रणोती.

"काका, रिटायर झालेल्यांचे फिल्टर सोमवारी मेनफ्रेमवरून उडवून राहिले. तुमचा मी माझ्याकडे घेऊ का?"

"उडू दे ना. जुना झाला तो."

"आम्ही सातही जण रोज सकाळी तोच लावतो."

"काय असते गं ते, प्रणोती?"

"चाळणी समजा, काकू. मेनफ्रेमवर, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, लाखो फायली असतात. काकांनी अटी एकदाच लिहून तिला नाव दिलं. आता कोणीही ते नाव टाकलं की पाहिजे तेवढ्याच फायली समोर येतात."

"काय नाव दिलं यांनी?"

"प्रणोती, तुझा नंबर आला वाटते."

"नाही आला, काका. 'बेबी' नाव आहे, काकू."

"माझं? अन् कोणत्या फायली येतात?"

"वर्षभर कोणी हात न लावलेल्या."

"अच्छा! तेव्हा माझी आठवण आली यांना."

"अवं, तसं नाही. मी दिवसभर ऑफिसात, घरी तुला विचारणारं कोणी नाही. म्हटलं, निदान तिथं तरी रोज सकाळी कोणी बेबीचं नाव घेईल."

"मग घरी काहून नाही घेतलं?"

"काकू, माझ्याकडे घेताना नाव बदलू का?"

"खबरदार! तेच राहू दे. अन् अहो, उद्यापासून सकाळी घरी पण."

"बेबी."

"आत्ता नाही. सकाळी."